सर्दी असताना स्कूबा? आधी कान दाखवा

नागपूरहून कुठलाही समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास, तरी दिवाळीनंतर आणि मे महिन्यात माझ्या ओपीडीत अंदमान नाहीतर तारकर्लीहून स्कूबा करून, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खाली उतरून, दुखावून आलेले कान येतातच. मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. तेच तेच प्रश्न व्हॉट्सअपवर, फोनवर, लग्नात जेवणाच्या पंगतीत सुद्धा विचारले जातात, म्हणून यावेळी एकत्र उत्तरं देते.

पोहता येत नाही, तरी स्कूबा करता येईल का? (मनीष नगर)

पहिल्यांदा अनुभव म्हणून करतात त्या डाइव्हला पोहणं लागत नाही, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो. सर्टिफिकेटचा कोर्स करायचा असेल तर पोहायला शिका.

सासऱ्यांना दमा आहे. टाकीत शुद्ध ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्यांना उलट बरं वाटेल असं एकांनी सांगितलं. (प्रतापनगर)

ज्यांनी सांगितलं त्यांना विचारा कुठे वाचलं. टाकीत साधी हवा असते, तुमच्या घरात आहे तीच, फक्त दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन माणूस ६-७ मीटरच्या खाली गेला तर झटके येऊ शकतात. दम्यात श्वासनलिका आकसली तर हवा फुफ्फुसात अडकते आणि वर येताना ती फुगते, हा धोका जिवावरचा आहे, म्हणून तर पाण्यात श्वास कधीच रोखून धरायचा नाही हा पहिला नियम शिकवतात. सासऱ्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, फुफ्फुसाची तपासणी करून ते हो म्हणाले तरच पुढचं बोला. इन्हेलर सुरू असेल तर तो डाइव्हआधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मवर लिहायचा, लपवायचा नाही.

अंदमानात हॅवलॉक बेटावर डाइव्ह बुक आहे, पैसे भरून झाले आणि आता सर्दी झाली. टूरवाले म्हणतात नाकात स्प्रे मारा आणि उतरा, सगळेच करतात. चालेल का? (वर्धा रोड)

नाही. पैसे गेले तर जाऊ द्या.

जरा समजून घ्या. कानाच्या पडद्याच्या मागे मधल्या कानात हवा असते आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते, तिला युस्टेशियन नळी म्हणतात, थुंकी गिळताना कानात टक् होतं ते तिच्याच उघडण्याचं. समुद्राच्या पृष्ठभागावर जेवढा दाब असतो त्याच्या दुप्पट दाब १० मीटरवर होतो आणि कानातली हवा निम्म्या जागेत दबते, तेवढी हवा त्या नळीतून आत यायला पाहिजे, नाहीतर पडदा आत ओढला जातो. लोकांना वाटतं आम्ही तर ५-६ मीटरच जाणार, तेवढ्यात काय होतंय. उलट सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, स्विमिंग पूलच्या तळाला गेल्यावर कान दुखतो तो याचमुळे. म्हणून दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधीच, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं नाहीतर गिळायचं. एकदा दुखायला लागलं की नळीचं तोंड दाबाने बंद होतं, मग कितीही फुंका उपयोग नाही, थोडं वर येऊन पुन्हा हळूच बघायचं आणि नाही जमलं तर वर यायचं. जोर लावायचा नाही, कारण त्या जोराने मधल्या कानाच्याही पलीकडे, जिथे प्रत्यक्ष ऐकणं घडतं त्या आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटू शकतो आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं.

सर्दीत ही नळी आतून सुजलेली असते. स्प्रे मारून सूज तात्पुरती उतरते, तुम्ही खाली जाता, मग पाण्यातच औषधाचा असर संपतो आणि वर येताना फुगणारी हवा बाहेर निघायला रस्ता उरत नाही. खाली थांबावं तर टाकीतली हवा संपते, वर यावं तर कान फुटतो. स्प्रे सांगणाऱ्याला हे ठाऊक नसतं किंवा त्याला बुकिंग सोडायचं नसतं.

मागच्या हिवाळ्यात एक तरुण आला, सर्दीत उतरला होता, खाली हाताने खुणा करून त्याला जोर लाव असं सांगितलं गेलं आणि त्याने लावला. दुर्बिणीतून पडदा बघितला, निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी दिसतो, याचा काळसर लाल होता. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की घुमणारा धातूचा चिमटा, वाजवून कपाळावर मधोमध ठेवला आणि विचारलं आवाज कुठे येतो. फक्त मधला कान भरलेला असता तर आवाज दुखऱ्या बाजूला गेला असता, तो म्हणाला चांगल्या कानात येतो, म्हणजे मार आतल्या कानाला बसलेला. डाइव्हला अकरा दिवस होऊन गेले होते, मधल्या काळात मेडिकलवाल्याने दिलेले थेंब टाकत बसला. ऐकू येणं थोडं परत आलं, कानातली शिट्टी अजून आहे.

आपल्याकडे तर मे महिन्यात रात्रभर कूलर तोंडावर घेऊन अर्धं शहर नाक चोंदवून बसतं. म्हणून सांगते, निघायच्या आठ-दहा दिवस आधी कान दाखवून जा, नाक धरून फुंकल्यावर पडदा हलतो की नाही हे बघायला पाच मिनिटं लागतात. आणि फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ टिक करा असं कोणी म्हणालं तर त्याच्यासोबत पाण्यात जाऊ नका.

इअरप्लग घालून उतरलं तर? (सक्करदरा)

अजिबात नाही, दाबाने प्लग आत ढकलला जातो.

पॅकेजमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान आहे, ठीक आहे ना? (धरमपेठ)

ठीक नाही. पाण्याखाली अंगात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो निघायला वेळ लागतो आणि विमानात केबिनचा दाब ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा कमी असतो, त्यात उरलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, सलग डाइव्ह असतील तर १८, मी सगळ्यांना २४ सांगते. मालवणला डाइव्ह करून लगेच गाडीने आंबोली चढणारे पण असतात, घाट म्हणजे सुद्धा उंचीच आहे, रात्र खाली मालवणलाच काढा. नंतर सांधे दुखले, हातपाय बधिर झाले, चक्कर आली तर झोपून बघू म्हणायचं नाही, थेट हॉस्पिटल.

मुलाने तिथून पोवळ्याचा तुकडा आणायला सांगितलाय. (जरीपटका)

आणू नका. पोवळं जिवंत प्राण्यांनी बांधलेलं असतं आणि रीफ (समुद्रातले पोवळ्यांचे खडक) बांधणाऱ्या पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सापडलं तर गुन्हा. हातही लावू नका, त्याने कापलेली जखम लवकर भरत नाही, तशी झालीच तर स्वच्छ पाण्याने नीट धुऊन डॉक्टरांना दाखवा.

तारकर्लीहून येऊन सहा दिवस झाले, उजवा कान बंदच आहे, दुखत नाही. लसणाचं कोमट तेल टाकतेय, किती दिवस टाकू? (महाल)

आजच बंद करा, पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं. दुखत नाही म्हणून थांबलात ना, पण आतला कान दुखत नाही, तो नुसता ऐकणं सोडतो, आणि त्याची औषधं पहिल्या काही दिवसांतच कामाला येतात. नाक शिंकरू नका, जड उचलू नका, कानात पाणी जाऊ देऊ नका आणि जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे आजच जाऊन ऐकण्याची तपासणी करा, सोमवारची वाट बघू नका.