ऑर्लँडोची सहल, साठ दिवसांचा वाद आणि ११ सप्टेंबर

प्रश्न: मॅडम, मे २०२३ मध्ये आम्ही पुण्याच्या एका टूर कंपनीकडे ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डची दिवाळीतली सहल बुक केली. मी, पत्नी, दोन मुलं आणि आई-वडील असे सहा जण. एकूण खर्च १६ लाख, त्यातले ८ लाख भरले आणि वर टीसीएसचे (कंपनी गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारजमा करते त्या आगाऊ कराचे) ४० हजार. निघायची तारीख ८ नोव्हेंबर. आईचा अमेरिकेचा व्हिसा कंपनी करून देणार होती, पण मुलाखतीची तारीख मिळाली ती थेट २०२४ मधली. मी ८ सप्टेंबरला फोनवर सहल रद्द करायला सांगितलं आणि सोमवारी, ११ तारखेला, ईमेल केला. कंपनी म्हणते, साठ दिवसांच्या आत रद्द केल्यास पॅकेजच्या ५० टक्के कापतात, म्हणजे आमचे सगळेच पैसे. ऑक्टोबरमध्ये त्यांनी २ लाखांची क्रेडिट नोट (पैशांऐवजी पुढच्या सहलीत वळती करायची चिठ्ठी) दिली, ती मार्च २०२५ अखेर संपली. मध्यंतरी वकिलाची नोटीसही पाठवली. आता ते फोनवर म्हणतात, ‘३ लाख पुढच्या सहलीत वळते करतो, काही तक्रार नाही असं लिहून द्या.’ हे मान्य करावं, की गणपती झाल्यावर नाशिकला केस टाकावी?

उत्तर: तुमच्या मूळ पत्रात साठ दिवस की अठ्ठावन्न, फोन धरायचा की ईमेल, यावर साडेतीन पानं आहेत. ती मी वाचली. ११ सप्टेंबर २०२३ ही तारीख मात्र त्यात एकदाच, ओझरती आली आहे, आणि तुमचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. आज १८ ऑगस्ट २०२५ आहे. तुमच्याकडे पुरते चार आठवडेही नाहीत.

गेल्या दिवाळीपासून मला अशाच पत्रांचा रतीब आहे. कुणाची सिंगापूरची सहल, कुणाची हाँगकाँगची. पैसे अडकलेले, कंपनी गोड बोलणारी, आणि पत्र लिहिणाऱ्याने पहिली दीड-पावणेदोन वर्षं व्हॉट्सॲपवर ‘सर, प्लीज बघा ना’ यात घालवलेली. तुम्ही निदान नोटीस पाठवलीत. पण नोटीस पाठवली की मुदत थांबते किंवा नव्याने सुरू होते, हा समज कुठून पसरला कोण जाणे. तसं काही होत नाही. पत्रव्यवहार कितीही लांबला तरी मुदत आपल्या गतीने संपते. आणि समोरच्याने हा मुद्दा काढलाच नाही तर निभावेल, या भरवशावरही राहू नका. तक्रार मुदतीत आहे की नाही हे ग्राहक आयोगाने स्वतःहून तपासलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगून ठेवलं आहे. तेव्हा जुना कायदा होता, पण दोन वर्षांची तरतूद तीच आहे.

तुमच्या मित्राचं म्हणणं असं, की क्रेडिट नोट मार्च २०२५ मध्ये संपली, तेव्हा तिथून दोन वर्षं धरायची आणि २०२७ पर्यंत निवांत राहायचं. त्या २ लाखांपुरता हा युक्तिवाद करता येईल, कदाचित टिकेलही. पण उरलेल्या ६ लाखांना ‘मिळणार नाहीत’ असं कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्येच लेखी कळवलं आहे. क्रेडिट नोट म्हणजे कंपनीने देणं कबूल केलं आणि म्हणून मुदत तिथून नव्याने धरावी, असंही एखादा वकील मांडेल. मांडू दे. ज्या मुद्द्यावर दोन बाजूंनी बोलता येतं, त्यावर आपण होऊन का चढायचं? सगळ्यात आधीची तारीख धरा आणि तिच्याआधी दाखल करा. मोजणीत चूक असलीच, तर लवकर दाखल केल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

म्हणून ‘गणपती झाल्यावर’ हे डोक्यातून काढा. यंदा अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे. त्यानंतर लगेच पितृपक्ष, आणि त्यात आपल्याकडे कुणी नवं काम हाती घेत नाही. तुमची मुदत नेमकी पितृपक्षात संपते. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगालाही ते कारण आदेशात नोंदवावं लागतं. आजारपण, अपघात असलं काही असेल तर ठीक. ‘कंपनी देते म्हणाली होती म्हणून थांबलो’ या कारणावर कुणाला माफी मिळते, कुणाला मिळत नाही. मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

आता तुमच्या साठ दिवसांकडे वळते. ८ तारखेच्या फोनचा पुरावा तुमच्याकडे नाही, असलाच तर मोबाइल कंपनीच्या बिलातली एक ओळ. ११ तारखेचा ईमेल आहे, आणि त्या दिवशी निघायला ५८ दिवस होते. तेव्हा कंपनीची मोजणी बरोबर आहे असं समजूनच चला. प्रश्न त्यापुढचा आहे. करारात ५० टक्के लिहिलेत म्हणून ५० टक्के आपोआप कंपनीचे होत नाहीत. करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नुकसान झालेलंच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, आणि नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तिथे ते सिद्ध करावं लागतं. टूर कंपनीचं नुकसान तर पावत्यांवरच मोजता येतं.

तेव्हा तक्रारीबरोबरच कागदपत्रं हजर करण्याचा अर्ज द्या: ११ सप्टेंबर २०२३ पर्यंत आमच्या सहा जणांच्या नावावर तुम्ही कुणाला, किती पैसे भरलेत ते दाखवा. विमानाची तिकिटं काढली होती का, की नुसत्या ग्रुपच्या जागा धरून ठेवल्या होत्या आणि त्या दुसऱ्यांना विकल्या? दिवाळीच्या सीटला गिऱ्हाईक नाही असं कधी होत नाही. डिस्नेची तिकिटं घेतली होती का? तुम्हाला फोनवर सांगण्यात आलं की डिस्ने एक रुपयाही परत देत नाही. हे अर्धंच खरं आहे. तारखेची तिकिटं परत घेत नाहीत हे बरोबर, पण डिस्ने वर्ल्डचं न वापरलेलं तिकीट साधारणपणे वाया जात नाही. त्याची किंमत नव्या तारखेच्या तिकिटात धरता येते, दर वाढला असेल तर फरक भरायचा. मग तुमची तिकिटं खरोखर काढली असतील, तर ती किंमत आज कुणाच्या खात्यावर आहे? हॉटेलचंही तेच. अमेरिकेतल्या बऱ्याच हॉटेलांच्या बुकिंगमध्ये दोन महिने आधी रद्द केल्यास फारसं काही कापत नाहीत. तुमच्या बुकिंगला कोणत्या अटी लागू होत्या ते मला माहीत असण्याचं कारण नाही, पण कंपनीला माहीत आहे, आणि तिने ते कागदावर दाखवावं. माझा अनुभव असा की या अर्जानंतर तडजोडीचा आकडा फोनवरच्या आकड्यापेक्षा वर सरकतो.

व्हिसाबद्दल मी कमी खात्रीने बोलते. व्हिसा देणं न देणं वकिलातीच्या हाती, हे कलम तुमच्या फॉर्मवर आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. (न वाचता केली, असं तुम्हीच लिहिता. ते आयोगापुढे लिहू नका.) पण तुमचा मुद्दा व्हिसा नाकारण्याचा नाहीच. २०२३ मध्ये मुंबईच्या वकिलातीत नव्याने पर्यटक व्हिसा मागणाऱ्यांना मुलाखतीसाठी शेकड्यांनी दिवस थांबावं लागत होतं आणि टूरच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. तरीही मे महिन्यात दिवाळीची सहल विकली, आईंकडे व्हिसा नाही हे माहीत असताना विकली, आणि ‘आजींचं होऊन जाईल, काळजी करू नका’ असा मेसेज केला. याला सेवेतली त्रुटी म्हणता येईल असं मला वाटतं. उलट बाजूने ते म्हणतील, बाकी पाच जणांचे व्हिसा होते, ते का गेले नाहीत? याचं उत्तर तयार ठेवा. सहल आई-वडिलांसाठीच ठरली होती हे दाखवणारा एखादा जुना मेसेज असेल तर शोधा.

एक सावधगिरी. पन्नास टक्क्यांची अट हा ‘अनुचित करार’ आहे, असं तक्रारीच्या मथळ्यातच लिहायचा मोह होईल. नव्या कायद्यात त्याची व्याख्या आहे, आणि नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड त्यात बसतोही. पण अनुचित करारांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. तुमचं प्रकरण ८ लाखांचं, म्हणजे रकमेने जिल्ह्याचं. तेव्हा सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवरच तक्रार उभी करा, नाहीतर अधिकारक्षेत्राच्या हरकतीवरच सहा महिने जातील. कलम ७४ चा युक्तिवाद असाही करता येतो.

नाशिकला दाखल करता येईल का? येईल. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जायची सोय २०१९ च्या कायद्यात आहे. ‘फक्त पुणे न्यायालय’ या छापील ओळीवर ते हरकत घेतील. घेऊ दे, मला त्यात फारसा दम वाटत नाही. फी ५ ते १० लाखांच्या टप्प्यात २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, पण छापील प्रती किती आणि कधी लागतील ते आयोगाच्या कार्यालयात आजच विचारा. आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, ११ तारखेला पोर्टल बंद पडलं तर मला पत्र लिहून उपयोग नाही.

दोन हप्ते वडिलांच्या खात्यातून गेले आहेत, तेव्हा त्यांनाही तक्रारदार करा. कंपनीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. तुम्ही फोन बदललात आणि जुने मेसेज गेले असं लिहिता. पत्नीच्या फोनवर तो ग्रुप अजून असणार, आज बसून सगळं छापून घ्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा, जुन्या ६५-ब च्या जागी आता ते आहे. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तितके कडक नसतात, पण प्रमाणपत्र जोडायला काही लागत नाही.

आता ते ३ लाख. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत: पैसे परत नाहीत, आणि तुमची तक्रार कायमची बंद. शिवाय ३ लाख कशातून वजा होणार? २०२३ मध्ये तुमची लेक नऊ वर्षांची होती. आता ती अकराची, आणि डिस्नेच्या तिकिटात दहाव्या वर्षापासून माणूस मोठा होतो. विमानाचं भाडं, डॉलरचा भाव हे वेगळंच. ती रक्कम नव्या सहलीत कशी विरून जाईल ते तुम्हाला कळणारही नाही. तडजोडीच्या मी विरोधात नाही. पण आधी तक्रार दाखल करा, तिचा क्रमांक घ्या, मग बोला. ठरलंच तर रोख रक्कम, तारीख आणि न दिल्यास व्याज असं सगळं लिहून आयोगात तडजोडीची पुरसिस (सह्यांचं लेखी निवेदन) द्या. आयोगही मध्यस्थीकडे पाठवू शकतो, बोलावलं तर जा. फोनवरच्या शब्दावर सही मात्र करू नका, निदान ११ सप्टेंबरच्या आत तर नाहीच. हा फोन नेमका याच महिन्यात का आला, याचा थोडा विचार करा.

वेळ किती लागेल, असं विचारलंत. कायद्यात लिहिलंय, नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल. हे वाक्य मी अशिलांना वाचून दाखवत नाही. सदस्यांच्या जागा रिकाम्या, कोरम नाही, पुढची तारीख तीन महिन्यांनी, अशी आमची गाडी चालते. एकच गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कंपनीला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, त्यापलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्कं केलं आहे. पंचेचाळीसावा दिवस डायरीत लिहून ठेवा आणि त्यानंतर आलेल्या कैफियतीवर लगेच लेखी हरकत घ्या. वकील लावलात तर त्यालाही आठवण करून द्या, आम्हीही विसरतो.

राहिले टीसीएसचे ४० हजार. ते कंपनीने सरकारजमा केले असतील तर ज्याच्या पॅनवर घेतले त्याच्या २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या करजमेच्या उताऱ्यात) दिसतील, आणि रिटर्नमध्ये त्यांचं क्रेडिट मिळतं. तुम्ही त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ते मागितलंच नाही असं दिसतं. ती मुदत गेली, आणि अपडेटेड रिटर्न भरून परतावा मागता येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११९ खाली विलंब माफीचा अर्ज करता येईल का, ते सीएला विचारा. पण २६एएस आजच काढा. त्यात नोंद नसेल, तर कंपनीने तुमच्याकडून कराच्या नावाने घेतलेले पैसे भरलेलेच नाहीत. तो उतारा तक्रारीला जोडा आणि मागणीत ८ लाखांऐवजी ८ लाख ४० हजार लिहा.