पप्पांनी वाचायला घेतलं

"मॅडम, पुस्तक उघडलं की ह्याला तहान लागत्या," खुर्चीवर टेकता टेकता आईनं सांगून टाकलं. "मी रोज घेऊन बसतो. तीन दिवस गप ऐकलं, चौथ्या दिवशी नुसती भांडणं."

मुलगा सातवीत, धाकटी तिसरीत. वडील उद्यमनगरात लेथवर, आई घरी ब्लाऊज शिवते, शिवाय आज्जी. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शाळेतल्या बाईंनी पालकसभेत सांगितलं होतं, रोज संध्याकाळी घरात सगळ्यांनी मिळून गोष्ट वाचत जा. सल्ला उत्तम. पण वाचायचं कसं, कुणी, आणि एवढ्या मोठ्या मुलाला वाचून दाखवायचं वय राहिलंय का, हे विचारायला आई माझ्याकडे आली होती. हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनतीनदा तरी येतो.

मी आधी मुलाला जवळ बसवलं. एका गोष्टीतला एक परिच्छेद त्यानं मोठ्यानं वाचला. फारसा अडखळला नाही, पण सगळं एका सुरात, रेल्वेची घोषणा करावी तसं. काय वाचलंस म्हटल्यावर खांदे उडवले. पुढचा परिच्छेद मी वाचला. संपायच्या आतच तो म्हणाला, "तो म्हातारा खोटं बोलायलाय. विहिरीत काय न्हाईच." बरोबर होतं, आणि ते गोष्टीत अजून दोन पानं पुढं होतं.

या मुलाच्या डोक्यात काही कमी नाही, हे आईला दिसावं म्हणून मी हे तिच्या समोरच केलं. स्वतः वाचताना मुलाची ताकद अक्षरं जुळवण्यात खर्च होते, अर्थासाठी फार थोडी उरते. कान मात्र मोकळा असतो. साधारण आठवीपर्यंत मुलांना वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा ऐकून जास्त कळतं. म्हणून सातवीच्या मुलाला वाचून दाखवणं म्हणजे त्याला लहान बाळ समजणं नव्हे. उलट त्याच्या बुद्धीला शोभेल अशी गोष्ट त्याच्यापर्यंत पोचवायचा तोच सरळ रस्ता आहे. (चौथी-पाचवीनंतरही मूल जोडाक्षरांवर सतत अडत असेल, ओळी गाळत असेल, तर आधी डोळे तपासा आणि वाचनातल्या अडचणीची रीतसर चाचणी करून घ्या. तिथं नुसत्या गोष्टींवर भागत नाही.)

मग भांडणं कशाची? घरी नेमकं काय होतं ते मी आईला सविस्तर सांगायला लावलं. ती दर परिच्छेदाला थांबायची. "काय कळलं सांग. ह्यातनं काय शिकलास? मग तू असं का वागत न्हाईस?" तळमळीपोटीच हे चाललेलं. पण दिवसभर शाळा, मग शिकवणी, आणि रात्री आठला घरात पुन्हा तोंडी परीक्षा. मला त्या मुलाची तहान समजली.

वडील तोवर गप्प होते. नखांत काळं तेल, हात मांडीखाली दडपलेले. तुम्ही वाचाल का, असं विचारल्यावर मान खाली घालून म्हणाले, "मला न्हाई जमत. आठवीत शाळा सुटली. पोरांसमोर अडलो तर कसं दिसतंय ते?"

तेव्हा मी आज्जींना विचारलं, तुमच्या घरात पूर्वी कुणी मोठ्यानं वाचायचं का? आज्जी एकदम सरसावून बसल्या. "ह्याचे वडील वाचायचे की! श्रावणात नवनाथांची पोथी. गल्लीतल्या बायका ऐकायला यायच्या. ह्याला पानं उलटायला बसवायचे." आजोबा किती शिकले होते? "दुसरी." ओळीखाली बोट धरून, अवघड शब्दावर थांबून, पुन्हा मागं जाऊन वाचायचे. कुणी हसायचं नाही. ४० अध्याय, रोजचा ठरलेला, आणि शेवटी हातावर शेंगदाणे-गूळ. अध्याय संपल्यावर तुम्हाला कुणी प्रश्न विचारायचं का, असं मी वडिलांना विचारलं. ते पहिल्यांदा हसले. "छे. गूळ खाऊन झोपायचो."

माझ्याकडून जी पद्धत ऐकायला ती माणसं आली होती, ती त्यांच्याच घरात पडून होती. आम्ही तीच उचलली. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, पंधरा-वीस मिनिटं. सगळ्यांचे फोन फळीवर, वडिलांचा धरून. वाचणार पप्पा. आईनं हातात ब्लाऊजला हुक लावायचं काम घ्यावं आणि फक्त ऐकावं. मुलानं लोळावं, चित्र काढावं, काहीही. ऐकायला पाठ ताठ लागत नाही. मुलं आपणहून बोलली तर गप्पा मारायच्या, नाही बोलली तर शेंगदाणे-गूळ खाऊन झोपायचं. वडील अडले तर अडावेत. मोठं माणूस अडतं आणि तरी पुढं वाचतं, हे मुलानं घरात पाहणं मला फार मोलाचं वाटतं. अस्खलित वाचणारी आई त्याला ते दाखवू शकत नव्हती.

आईनं विचारलं, मार्क वाढतील ना? मी वचन दिलं नाही. शब्द वाढतील, लक्ष टिकायला लागेल, आणि दिवसातून एकदा सगळे एका गोष्टीत असतील, एवढंच सांगितलं.

पहिला आठवडा फसला, आणि चूक माझी होती. मी वयाप्रमाणे पुस्तकांची यादी दिली होती. थोरला म्हणाला, बारक्या पोरांचं आहे. धाकटी म्हणाली, कळत नाही. मग मी यादी परत घेतली आणि त्यांना वाचनालयात जायला सांगितलं. आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पुस्तकासाठी कोल्हापूरकरांनी लांब जायला नको. दोघांनी एकेक पुस्तक निवडायचं, आलटून पालटून वाचायचं, दहा पानांत रंगलं नाही तर बिनदिक्कत परत. थोरल्यानं शिकारकथा उचलल्या. मला त्या फारशा आवडत नाहीत, पण निवड त्याची होती.

इथं दोन प्रश्न हमखास येतात. मुलं इंग्रजी माध्यमात असतील तर कुठल्या भाषेत वाचायचं? ज्या भाषेत तुम्ही घरात रुसता, हसता, त्या भाषेत. मोबाईलवर गोष्टी ऐकवल्या तर? प्रवासात जरूर ऐकवा. पण मोबाईलला मध्येच थांबवून "म्हणजे काय?" विचारावंसं मुलाला वाटत नाही, आणि खरी गंमत त्या थांबण्यातच आहे.

याच घरातलं उदाहरण. वडील एका ओळीत 'हिंस्र श्वापद'पाशी अडले. दोनदा प्रयत्न केला, जमेना. मुलगा लोळत होता तो उठून जवळ आला, बोट ठेवून फोड करून म्हणाला, "हिं-स्र." मग श्वापद म्हणजे काय, यावर वडील-मुलगा दोघंही अडले. कोपऱ्यातनं आज्जी म्हणाल्या, "जनावर रे! पोथीत येतंय की." आईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. त्या रात्री तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

दीड महिन्यानं सगळे पुन्हा आले. मुलगा एकटा पुस्तक घेऊन बसतो का? क्वचित. आईला अजून घाई आहे, आणि मी तिला पुन्हा धीर धरायला सांगितलं. पण एकदा वडिलांना ओव्हरटाइम लागला, तेव्हा धाकटीनं हट्ट धरला म्हणून थोरल्यानं दोन पानं वाचली. पप्पा आल्यावर पुढं काय झालं ते मात्र सांगितलं नाही. "ते त्यांनीच वाचूदेत," म्हणाला.

निघताना वडील दारात थांबले. "मॅडम, पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट हाय. सकाळी चहाच्या वक्ताला वाचलं तर चालंल न्हवं?"

"चालेल की," मी म्हटलं.