‘पुस्तक वाचूनच ती अशी झाली ना?’

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकूंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि माझ्या टेबलावर पालथं ठेवलं. "बंबात घालणार होते, मॅडम. मग म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं."

मुलगी पुण्यात इंग्रजीत एम.ए. करते. दिवाळीला घरी आली, स्थळाचा विषय निघाला आणि तिनं आईला सांगून टाकलं, की मला मुलगा नको, माझं एका मैत्रिणीवर प्रेम आहे. ती परत गेल्यावर काकूंनी तिचं कपाट उपसलं. त्यात हे मिळालं. मागचा मजकूर त्यांनी मोबाइलवर भाषांतर करून वाचला होता. "पुस्तक वाचूनच ती अशी झाली ना?"

हा प्रश्न मला नवा नाही. कधी दोष वेब सिरीजचा असतो, कधी हॉस्टेलचा, पुष्कळदा नुसता पुण्याचा. पण मी पुस्तक सुलटं केलं आणि गंमत वाटली. रॅडक्लिफ हॉलची ‘द वेल ऑफ लोनलीनेस’, बाईवर प्रेम करणाऱ्या बाईची कादंबरी. काकूंचा प्रश्न याच पुस्तकाबद्दल लंडनच्या कोर्टात विचारून झाला होता, १९२८ साली.

मी त्यांना ती हकीकत सांगितली. (एरवी समुपदेशनाच्या सेशनमध्ये मी इतकी बोलत नाही.) हॉल नावाजलेली लेखिका होती, आदल्या कादंबरीला दोन मोठी बक्षिसं मिळालेली. जुलैमध्ये हे पुस्तक आलं. ऑगस्टमध्ये जेम्स डग्लस या संपादकानं लिहिलं, की धडधाकट मुलाच्या किंवा मुलीच्या हाती ही कादंबरी देण्यापेक्षा मी प्रुसिक ॲसिडची, म्हणजे जहाल विषाची, बाटली देईन. नोव्हेंबरात बो स्ट्रीट कोर्टात खटला उभा राहिला. बाजूनं बोलायला चाळीसेक साक्षीदार तयार होते, त्यांत व्हर्जिनिया वुल्फ आणि ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारखे मोठे लेखकसुद्धा. मॅजिस्ट्रेटनं त्यांचं मत ऐकायलाच नकार दिला. पुस्तक अश्लील ठरलं, प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला.

"एवढं काय होतं त्यात?" काकू पुढे सरकल्या.

सगळ्यात धीट वाक्य सांगितलं : त्या रात्री त्या दोघी वेगळ्या राहिल्या नाहीत. संपलं. काकूंनी भुवया उंचावल्या. त्यांच्या रोजच्या मालिकेत याहून जास्त असतं.

मग मी विचारलं, "काकू, ही बाई १८८० साली जन्मली. ती पोरवयात असताना अशी कादंबरी तिच्या हाती कुठून पडणार? पस्तिशीच्या आधीपासून ती एका बाईबरोबर राहत होती. हे पुस्तक आलं तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची. तिला कुठल्या पुस्तकानं बिघडवलं?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग खरी भीती बाहेर आली. "म्हातारपणी हिला कोण बघेल हो?"

पुस्तकाच्या नावातच एकटेपण आहे, आणि कादंबरी रडकी आहे हे मी मान्य केलं. नायिका शेवटी आपल्या मैत्रिणीला मुद्दाम दूर लोटते, मला ते आजही पटत नाही. पण लिहिणारी एकटी नव्हती. तिची जोडीदार उना ट्रुब्रिज पंचवीसहून जास्त वर्षं तिच्याबरोबर होती. त्यात भांडणं होती, तिसरी बाईसुद्धा आली. तरी १९४३ मध्ये हॉल कॅन्सरनं गेली, तेव्हा शुश्रूषा उनानंच केली. इंग्लंडात पुस्तक परत छापलं गेलं १९४९ साली; ते बघायला हॉल नव्हती.

उपचारांबद्दलही काकूंनी दबक्या आवाजात विचारलंच. मी सरळ सांगितलं : हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच तो यादीतून काढला. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं आपल्याकडे २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं. तसं कोणी भेटलं तर पैसे देऊ नका.

"ह्यांना यातलं काही माहीत नाही," उठता उठता त्या म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांना कादंबरीतल्या बापाबद्दल सांगितलं. मुलगी कशी आहे हे त्याला तिच्या लहानपणीच उमगलेलं असतं. अभ्यासिकेत कुलपात ठेवलेली पुस्तकं तो एकटाच वाचतो, समासात टिपणं करतो. मुलीला मात्र एक शब्द बोलत नाही. पुढे अंगावर झाड पडून तो मरतो. मरताना बायकोला सांगू बघतो, तेही जमत नाही. आई शेवटपर्यंत मुलीला जवळ करत नाही. बापाच्या मागं ते कपाट मुलगीच उघडते.

काकूंनी पुस्तक परत वर्तमानपत्रात गुंडाळलं.

तीन आठवड्यांनी आल्या त्या हात हलवत. पुस्तक कपाटात परत ठेवलंय म्हणाल्या. मुलीला फोनवर एवढंच विचारलं होतं, "त्या गोष्टीतली आई अशी का वागते गं?" तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग मुलगी म्हणाली, "आई, तू माझं कपाट उघडलंस?" त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी तिचाच फोन. आता रात्री जेवणं झाली की ती थोडी थोडी गोष्ट मराठीत सांगते.

"कुठपर्यंत आलात?"

"बाप अभ्यासिकेत दार लावून बसलाय," काकू म्हणाल्या. "आणि मॅडम, आमचे हे हल्ली त्या वेळेला टीव्हीचा आवाज बारीक करतात."