सही करू की नको?

"काकू, शाळेचं पत्र आलंय. मुलाची तपासणी करायची म्हणतात. ह्यांनी सांगितलंय, सही करायची नाही."

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत मी शनिवारी सकाळी दोन तास बसते. इथल्या सरकारी शाळांमध्ये सत्तावीस वर्षं सायकॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. आपल्या लोकांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. कुटुंबाची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ही एक हकिगत सांगते.

२०२५ च्या मार्च महिन्याची अखेर होती. मुलगा सेकंड ग्रेडमध्ये, साडेसात वर्षांचा. वाचनात मागे. डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-स्पेलिंग अवघड जाण्याची, लक्षणं दिसणाऱ्या मुलांची चाचपणी दुसरीच्या पहिल्या सहामाहीत व्हावी, असा आमच्या राज्यात कायदा आहे. ती झाली आणि मग सविस्तर तपासणीसाठी पालकांची संमती मागणारं पत्र घरी आलं. आई ते पत्र घडी करून पर्समध्ये ठेवून तीन आठवडे फिरत होती.

त्या दिवशी ती मुलालाही घेऊन आली होती. तो कोपऱ्यात बसून डायनासोर काढत होता. मी त्याच्याशी मराठीत गप्पा सुरू केल्या. "कमळ या शब्दातला क काढून टाकला तर काय उरतं?" "मळ," पटकन म्हणाला. "आणि मधला म काढला तर?" थोडा थांबून, "कळ." मग इंग्रजीकडे वळले. "'स्टॉप'मधला पहिला आवाज काढ बरं." तो गप्प. पुन्हा विचारलं, तर "स्टॉप... ऑप?" म्हणाला आणि पेन्सिल घट्ट धरून पुन्हा डायनासोरकडे वळला.

यावरून निदान होत नाही, हे मी त्याच्या आईला लगेच सांगितलं. पण कुठे शोधायला हवं याचा अंदाज येतो. मराठीत आपण अक्षर धरून चालतो. लिहिलेलं आणि बोललेलं बरंचसं जुळतं. इंग्रजीत एका आवाजाला चार स्पेलिंगं आणि एका स्पेलिंगला चार आवाज. शब्दाचे सुटे आवाज पकडणं ज्याला अवघड जातं, त्याची अडचण मराठीत झाकली जाते आणि इंग्रजीत उघडी पडते. म्हणून घरी बाराखडी म्हणणारं मूल शाळेत अडखळतं, तेव्हा घरच्यांना वाटतं की शाळेचंच काहीतरी चुकतंय.

मी त्याला वर्गाबद्दल विचारलं. म्हणाला, "मी ब्लू ग्रुपमध्ये आहे. ब्लू म्हणजे स्लो." शिक्षक गटांना रंगांची नावं देतात, कुणाच्या मनाला लागू नये म्हणून. मुलांना कुठला रंग म्हणजे काय हे पहिल्याच आठवड्यात कळतं. आईनं हे पहिल्यांदाच ऐकलं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या शनिवारी वडील आले. इंजिनिअर माणूस, मुद्दे फोनवर टिपून आणलेले. बोलणं रागाचं नव्हतं, घाबरलेल्या बापाचं होतं.

"मॅडम, एकदा स्पेशल एज्युकेशनचा शिक्का बसला की शिक्षक त्याच्याकडून काही अपेक्षाच ठेवणार नाहीत."

ही भीती मी कधीच उडवून लावत नाही, कारण तिला आधार आहे. १९६० च्या दशकात रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत प्रयोग केला. काही मुलं यंदा खूप पुढे जातील, असं शिक्षकांना सांगितलं. नावं मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. पहिली-दुसरीतली त्यातली मुलं खरंच जास्त पुढे गेल्याचं त्यांना दिसलं. हा परिणाम किती मोठा, यावर नंतर पुष्कळ वाद झाला, पण शिक्षकाच्या अपेक्षेचं वजन मुलावर पडतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शिक्क्याचा इतिहास तर याहून वाईट आहे. बुद्ध्यंकाच्या चाचण्या लावून काळ्या मुलांना मोठ्या संख्येनं मतिमंदांच्या वर्गात टाकलं जात होतं. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'लॅरी पी.' खटल्यात न्यायालयानं त्याविरुद्ध निकाल दिला.

"मग तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

मी त्यांना १९७५ पूर्वीची अमेरिका सांगितली. १९७० च्या सुमारास इथल्या सरकारी शाळा अपंगत्व असलेल्या पाच मुलांपैकी जेमतेम एकाला शिकवत होत्या. बाकीच्यांसाठी दार बंद, काही राज्यांत तर कायद्यानंच बंद. पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डीसीमधले पालक न्यायालयात गेले, १९७२ मध्ये जिंकले, आणि २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी अशा मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. तोच आज आयडिया म्हणून ओळखला जातो. पालकांची लेखी संमती, एकाच चाचणीवर निर्णय न घेणं, मुलाच्या भाषेत चाचणी, शक्य तितकं इतर मुलांबरोबर शिकवणं, या सगळ्या अटी शिक्क्याच्या भीतीतूनच आल्या आहेत. तुमच्या हातात जे पत्र आहे, ते शाळेला पाठवावंच लागतं; कारण तुम्हाला न विचारता मुलाला हात लावायचा नाही, हे कुणीतरी लढून मिळवलंय.

मग बारकावे. तपासणीला संमती म्हणजे सेवेला संमती नाही. निकाल आल्यावर आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता आखलेला शिक्षणाचा लेखी आराखडा, द्यायचा झाला तर पुन्हा सही मागतात, आणि दिलेली संमती लेखी परतही घेता येते. कॉलेजला जाणाऱ्या गुणपत्रकावर आयईपीची नोंद नसते. एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला जास्त वेळ घेतलेल्या मुलांच्या गुणांवर पूर्वी खूण असायची, ती २००३ मध्ये बंद झाली.

ग्रीन कार्डाचा प्रश्नही यादीत होताच, आपल्याकडे तो असतोच. सरकारी मदत घेणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचा नियम २०१९ मध्ये फार कडक केला होता, तेव्हासुद्धा आयडिया कायद्याखाली शाळेत मिळणारी सेवा त्यात धरलेली नव्हती. एवढं सांगितल्यावर त्यांनी तो मुद्दा खोडला.

शेवटचा प्रश्न त्या दिवसांतल्या बातमीचा होता. २० मार्चला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शिक्षण खातं मोडीत काढण्याचा आदेश काढला होता. "खातंच जाणार असेल तर हा कायदा कुणाच्या भरवशावर?"

खातं १९७९ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, कायद्यानं निर्माण केलं, आयडियाही काँग्रेसचाच कायदा. नुसत्या आदेशानं दोन्ही पुसले जात नाहीत. पण मला त्यांना खोटा धीर द्यायचा नव्हता. त्याच मार्चमध्ये शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारापैकी सात विभागीय कचेऱ्या बंद करायचं ठरलं, आणि न्यू जर्सीच्या तक्रारी पाहणारी न्यूयॉर्कची कचेरी त्यात होती. कायदा जागेवर राहतो आणि तक्रार ऐकणारा माणूस जातो, तेव्हा नुकसान कुणाचं होतं हे मी कारकिर्दीभर पाहिलं. ज्या आईला इंग्रजीत पत्र लिहिता येत नाही, तिचं. केंद्र सरकारनं १९७५ मध्ये या मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलायचं कबूल केलं होतं. दोन्ही पक्षांची सरकारं आली-गेली, तो पूर्ण वाटा कधीच मिळाला नाही. याचा मला संताप येतो, आणि निवृत्तीनंतर तो वाढलाच आहे. मी त्यांना म्हटलं, "हक्क आज कागदावर आहे, तर आजच वापरा. वाट पाहण्यात दुसरी-तिसरीची वर्षं जातात, ती परत येत नाहीत."

ते विचार करतो म्हणून गेले. सही झाली ती मात्र माझ्यामुळे नव्हे.

मुलाचे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घरात सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच. "आपल्या घरात मठ्ठ कुणी नाही," हे त्यांचं वाक्य. एके रविवारी आईनं त्यांना फोन लावून मला स्पीकरवर घेतलं. मी ब्लू ग्रुपची गोष्ट सांगितली. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग ते म्हणाले, "ताई, माझ्या वर्गात एक पोरगा होता. अख्खा पोवाडा पाठ म्हणायचा, पण बालभारतीची एक ओळ वाचता यायची नाही. मी त्याला आळशी म्हणायचो. मागच्या बाकावर बसवला. चौथीनंतर आलाच नाही." आणि मुलाला म्हणाले, "बाळा, बाबाला सांग, सही कर."

आईचा अजून एक प्रश्न राहिला होता: घरात मराठी बोलणं बंद करू का? कुणीतरी तिला तसा सल्ला दिला होता. मी अगदी ठामपणे नाही म्हटलं. डिस्लेक्सिया दोन भाषांमुळे होत नाही. आजोबांशी बोलायची भाषा काढून घेतली तर इंग्रजी स्पेलिंग सुधारणार नाही, मूल तेवढं एकटं पडेल. उलट सहीच्या खाली एक ओळ लिहायला लावली: मुलाची भाषिक चाचणी मराठीतही व्हावी आणि बैठकीला मराठी दुभाषी मिळावा. मराठीत चाचणी घेणारं माणूस मिळायला शाळेला वेळ लागला. तरी राज्याच्या नव्वद दिवसांच्या मुदतीत, जूनमध्ये बैठक झाली.

डिस्लेक्सियाच निघाला. सप्टेंबरपासून आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं, तीन मुलांच्या गटात आवाज आणि अक्षर यांची पद्धतशीर जोडणी शिकवतात. बाकी वेळ तो आपल्याच वर्गात असतो. वाचन अजून संथ आहे. चार महिन्यांत चमत्कार झालेला नाही. पण सकाळी शाळेत जाताना पोट दुखायचं ते थांबलं.

डिसेंबरात आजोबा आले. शनिवारी दोघं लायब्ररीत माझ्या समोरच्या टेबलावर बसले होते. मुलगा बोट ठेवून डायनासोरचं पुस्तक वाचत होता. एका लांब शब्दावर थांबला. आजोबांना राहवेना, शब्द त्यांच्या ओठांवर आला.

"आजोबा, सांगू नका," तो मराठीत म्हणाला. "मला जास्त वेळ लागतो. पण येतं."

आजोबांनी हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसले.