दादर युनियन क्लबच्या इतिहासातील आघाडीचे फलंदाज कोणते?

माटुंग्याच्या दडकर मैदानावरील दादर युनियनचा विचार करता सुनील गावसकर (कसोटीत 10,122 धावा) आणि लॉर्ड्सवर 1979, 1982 व 1986 अशा तिन्ही दौऱ्यांत शतक झळकावणारे दिलीप वेंगसरकर (6,868 धावा) ही नावे निर्विवाद आहेत. मात्र माझ्या मते माधव मंत्री यांना, ते अवघे 4 कसोटी सामने खेळले म्हणून, मागे ठेवणे अन्यायाचे ठरेल. कारण 1948-49 च्या रणजी उपांत्य सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध पुण्यात त्यांनी 200 धावा केल्या होत्या आणि क्लबच्या शिस्तीवरही त्यांचाच ठसा होता. (गावसकरांचे ते सख्खे मामा, हे ओघाने आलेच.) इंग्लंडविरुद्ध 1972-73 मध्ये गावसकरांसोबत सलामीला उतरलेले रामनाथ पारकरही याच क्लबचे.