ताडोबाच्या जंगलात वाघ बघायला पहिल्यांदाच निघालात ना?
मग आधी खर्चाचं बघा. जिप्सीचं (जंगलात फिरवणाऱ्या उघड्या गाडीचं) भाडं गाडीमागे असतं, सहा जण जमवा म्हणजे माणशी बरंच हलकं होतं. कोअरचाच, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याचाच, हट्ट नको. बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा, स्वस्त पडतो आणि वाघ तिथंही फिरतात. मंगळवारी कोअर बंद. हे न बघता रेल्वेचं तिकीट काढणारे दरवर्षी भेटतात (एकदा मीही त्यातलाच).

- बुकिंगला दिलेलं मूळ ओळखपत्रच न्या.
- कुत्र्याला घरी ठेवा. बिबट्याचं ते आवडतं खाणं.

आणि नुसतं वाघ-वाघ करू नका. चितळ ओरडलं (वाघ-बिबट्या जवळ असल्याचा तो इशारा) की गाडी बंद करायला सांगा, गप्प बसा. माझ्या वेळी आधी वानर खोकलं, मग बांबू हलला.