आधी काम बघा, कॉलेज नंतर: प्रवेशाच्या सीझनमधले तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांमध्ये "अमुक कॉलेज चांगलं आहे का?" असंच विचारलंय, पण मुलाला किंवा मुलीला पुढे नेमकं काय काम करायचंय ते फार थोड्या जणांनी लिहिलंय. ते कळल्याशिवाय कॉलेज चांगलं की वाईट हे सांगताच येत नाही, कारण एकाच कॉलेजची एक ब्रँच उत्तम असते आणि शेजारची नावापुरती. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये मी सगळीकडे कामापासून सुरुवात केली आहे.

मुलाला सीईटीला ९१ पर्सेंटाईल आहेत. एका नव्या कॉलेजात एआयची ब्रँच मिळेल असं दिसतंय, नाहीतर जुन्या नावाजलेल्या कॉलेजात मेकॅनिकल. मुलगा एआयसाठी अडून बसलाय, त्याचे बाबा म्हणतात कॉलेजचं नाव बघ. रोज जेवताना वाद होतो. काय करावं? – एक आई, इचलकरंजी

ताई, आधी मुलाला एक काम द्या. नोकरीच्या दोन-तीन वेबसाईट उघडून फ्रेशरसाठीच्या वीस-पंचवीस जाहिराती वाचायला सांगा, निम्म्या एआय-डेटाच्या आणि निम्म्या मेकॅनिकल डिझाईन, प्रॉडक्शन, क्वालिटीच्या, आणि प्रत्येक जाहिरातीत रोजचं काम काय लिहिलंय आणि काय यायला हवं म्हणतात ते वहीत उतरवायला सांगा. त्यानंतर एक दिवस गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत ओळखीने एखादी फाउंड्री किंवा मशीन शॉप दाखवून आणा, तुमच्या घरापासून लांब नाही. आणि एखादा प्रोग्रॅमिंगचा फुकटचा ऑनलाईन कोर्स महिनाभर करू दे. सोळाव्या-सतराव्या वर्षापासून "एआयला स्कोप आहे" एवढंच ऐकलेलं असतं, पण दिवसभर स्क्रीनसमोर बसून चूक शोधत राहायला आवडतं का हे कोणी विचारलेलंच नसतं, आणि मेकॅनिकल म्हणजे काय हेही त्याने बघितलेलं नसतं.

आता कॉलेजचं. होर्डिंगवर "हायेस्ट पॅकेज" लिहिलेलं असतं ते एका मुलाचं असतं, बाकीच्यांचं काय झालं हे त्यातून कळत नाही. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगमध्ये भाग घेणारी कॉलेजं सरकारला जी माहिती देतात ती त्यांना स्वतःच्या वेबसाईटवर पण टाकावी लागते, ती पीडीएफ शोधा. त्यात किती मुलं घेतली, त्यातली किती ठरलेल्या वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन पगार किती, असं तीन बॅचचं येतं. मीडियन म्हणजे नोकरी लागलेल्यांना पगाराप्रमाणे ओळीने उभं केलं तर मधल्या मुलाचा पगार. समजा एखाद्या कॉलेजने ३०० घेतली, वेळेत पास १८०, नोकरी लागली १०० जणांना आणि मीडियन साडेतीन लाख, तर चित्र एकदम स्वच्छ दिसतं, होर्डिंगवर चाळीस लाख लिहिलेले असले तरी. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा, हे आकडे कॉलेजनेच दिलेले असतात आणि ते अख्ख्या कॉलेजचे असतात, ब्रँचचे वेगळे नसतात. ब्रँचसाठी लिंक्डइनवर जा, कॉलेजच्या पेजवर अल्युम्नाय म्हणून टॅब असतो, त्यात ब्रँच आणि पास झाल्याचं वर्ष टाकलं की मुलं आज कुठे काम करतात ते दिसतं. मला सगळ्यात जास्त भरवसा याचाच वाटतो कारण तिथे माहिती मुलांनी स्वतः टाकलेली असते.

नव्या एआय ब्रँचबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. एआयसीटीईने, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून ब्रँचच्या जागांवरची वरची मर्यादा काढली आणि बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या तुकड्या वाढवल्या. जागा एका वर्षात वाढतात, शिकवणारे तसे एका वर्षात मिळत नाहीत. त्यामुळे कॉलेजच्या वेबसाईटवर "मँडेटरी डिस्क्लोजर" नावाचं पान असतं ते उघडून त्या ब्रँचचे प्राध्यापक मोजा, त्यांचं शिक्षण बघा, आणि बहुतेक सगळे याच वर्षी लागलेत का तेही बघा. एनबीए मानांकन ब्रँचला मिळतं, नॅक अख्ख्या कॉलेजला मिळतं, लोक नॅकचा ए प्लस बघून खूष होतात पण तुमच्या ब्रँचचं त्यातून काही कळत नाही. नव्या ब्रँचला एनबीए नसणारच कारण दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय अर्जच करता येत नाही, तो त्यांचा दोष नाही, पण याचा अर्थ त्या ब्रँचच्या मुलांना नोकऱ्या कशा लागतात याचा पुरावा अजून तयारच झालेला नाही.

आणि कटऑफ म्हणजे दर्जा असं समजू नका, कटऑफ म्हणजे फक्त मागणी. सीईटी सेलच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये कोडच्या शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटीच्या मुलांचा, ओ असेल तर बाहेरच्यांचा, एस म्हणजे राज्यस्तराचा. तुम्ही शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतले, तेव्हा कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांना तुमच्यासाठी एचची ओळ वाचायची आणि पुण्याच्या कॉलेजांना ओची. कित्येक पालक चुकीची ओळ वाचून "मिळणारच नाही" म्हणून पर्यायच टाकत नाहीत.

माझं मत विचाराल तर, जाहिराती वाचून आणि महिनाभर कोडिंग करूनही मुलाला तेच आवडलं तर फक्त या दोनच कॉलेजांत अडकू नका, तिसरं एखादं मध्यम पण जुनं कॉलेज शोधा जिथे कॉम्प्युटर किंवा आयटीच्या निदान चार-पाच बॅच बाहेर पडल्यात. आणि त्याला मशीन शॉपमध्ये डोळ्यात चमक आली तर जुन्या कॉलेजचं मेकॅनिकल बिनधास्त घ्या, मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्या भरती करताना मेकॅनिकलवाल्यांनाही घेतात, तो रस्ता बंद होत नाही.

बारावी कॉमर्स झाली. सीए करायचं पक्कं आहे. पुण्यात कोणतं कॉलेज घेऊ? – एक विद्यार्थिनी, बारामती

तुझ्या बाबतीत कॉलेजचं नाव जवळजवळ बिनमहत्त्वाचं आहे, आणि हे वाचून तुझ्या घरच्यांना आश्चर्य वाटेल. सीएची परीक्षा आयसीएआय ही सीएंची संस्था घेते, आर्टिकलशिपसाठी म्हणजे फर्ममधल्या प्रत्यक्ष कामाच्या ट्रेनिंगसाठी फर्म बघते ती तुझं इंटर कितव्या प्रयत्नात आणि किती मार्कांनी निघालं ते. नव्या स्कीममध्ये आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि फाउंडेशन, इंटर वर्षातून तीनदा देता येतात, म्हणून तुला हवंय ते सकाळचे तास असलेलं, हजेरीची सक्ती नीट आधी सांगणारं आणि क्लासच्या जवळ असलेलं कॉलेज. मोठ्या नावाच्या कॉलेजात जाऊन फेस्टिव्हल आणि प्रोजेक्टमध्ये तीन वर्षं गेली तर इंटर मागे पडतं. बीकॉमला अकाउंट्स आणि कॉस्टिंग चांगलं शिकवणारे एक-दोन सर कुठे आहेत ते सिनियर मुलींना विचार, बस्स.

मुलाला बीएस्सी ॲग्री करायचंय. सरकारी मिळत नाहीये. खासगी कॉलेजवाले म्हणतात डिग्री एकच आहे. खरं आहे का? – एक शेतकरी, जिंतूर

दादा, कागद म्हणाल तर खरं आहे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं, खासगी कॉलेजं त्यांनाच जोडलेली, डिग्रीवर नाव विद्यापीठाचंच येतं. एमपीएससीची कृषी सेवा परीक्षा असो, बँकेतली कृषी अधिकाऱ्याची आयबीपीएसची परीक्षा असो, तिथे सरकारी-खासगी असा भेद नाही.

पण चार वर्षांत हाताला काय लागतं ते मात्र एकच नसतं. ॲग्रीचं कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका, सरळ शेतावर जा. कॉलेजची जमीन किती ते सगळे सांगतात, तुम्ही तिथे उभं पीक काय आहे ते बघा, तुमच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला कळणार. माती परीक्षणाच्या लॅबमध्ये यंत्रं वापरात आहेत की झाकून ठेवलीत, रोपवाटिका कोण चालवतं, मुलांच्या हाताला काम असतं का, हे विचारा. शेवटच्या वर्षी मुलं कृषिदूत-कृषिकन्या म्हणून गावात जातात, त्या मुलांशी बोला, गावात खरंच राहिलो का फाईल लिहून दिली हे ती पोरं खरं सांगतात.

आणि मुलाशी पण बोला. ॲग्री घेणारी खूप मुलं स्पर्धा परीक्षेसाठी घेतात, ते चुकीचं नाही, पण जागा थोड्या आणि देणारे प्रचंड. बियाणे कंपनीत, ठिबकच्या कंपनीत, शेतकरी उत्पादक कंपनीत, निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये ॲग्रीची मुलं काय काम करतात ते त्याने दोन-तीन ठिकाणी जाऊन बघावं. परीक्षा नाही निघाली तर यातलं काय करायला आवडेल याचं उत्तर पहिल्या वर्षीच त्याच्याकडे असलं तर चौथ्या वर्षी कोंडी होत नाही.

बीए सायकॉलॉजी करतेय, काउन्सेलर व्हायचंय. नोकरी करत डिस्टन्सने एमए केलं तर चालेल ना? – एक विद्यार्थिनी, नाशिक

नाही, आणि हे आत्ताच कळलं ते बरं झालं. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाईन पद्धतीने शिकवायला बंदी केली आहे. त्यामुळे कोणी ॲडमिशन देतोय म्हणाला तर पैसे भरू नकोस.

दुसरं, काउन्सेलर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही दोन वेगळी कामं आहेत. हॉस्पिटलमध्ये मानसिक आजारांच्या चाचण्या, थेरपी करायची असेल तर आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती साध्या एमएवर मिळत नाही, परिषदेने मान्यता दिलेला क्लिनिकलचा कोर्सच करावा लागतो. मान्य संस्थांची यादी परिषदेच्या वेबसाईटवर असते आणि जागा अगदी मोजक्या असतात. शाळेत काउन्सेलर व्हायचं असेल तर रस्ता वेगळा, तिथे एमए आणि वर मार्गदर्शन-समुपदेशनाचा डिप्लोमा मागतात. आधी यातलं कुठलं हे ठरव, त्यासाठी एखाद्या शाळेतल्या काउन्सेलरला आणि एखाद्या हॉस्पिटलमधल्या क्लिनिकलवाल्यांना भेट, मग एमएचं कॉलेज शोधताना एकच गोष्ट बघ, प्रत्यक्ष केसेसवर देखरेखीखाली काम किती करायला मिळतं. नुसती थिअरी शिकवून पाठवणारी कॉलेजं खूप आहेत.

मुलीला सीईटीला ठीकठाक मार्क आहेत. एक एजंट म्हणतो मॅनेजमेंटमधून सीट आत्ताच बुक करा, फी नंतर माफ होईल. आम्ही ओबीसी, उत्पन्न सहा लाखाच्या आत. – एक वडील, जालना

कृपा करून सही करू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखाच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्ससाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की ही सवलत गेली, आणि एजंट हे कधीच सांगत नाही. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो कारण यात फसतात ती तुमच्यासारखी, पहिल्यांदाच पोर इंजिनिअरिंगला पाठवणारी घरं.

कॅपमध्ये पर्याय भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जे खरोखर हवंय, कारण पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो ऑटो फ्रीझ होतो, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. नॉन क्रिमिलेअर, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आत्ताच काढायला टाका, सेतूवर गर्दी झाली की दाखल्यावाचून जागा हातची जाते. कॉलेजची मंजूर फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाईटवर दिसतं, कॉलेजने वेगळा आकडा सांगितला तर तो कागद पुढे ठेवा. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, होस्टेल-मेसचा खर्च वेगळा धरा, त्यासाठी वसतिगृह भत्त्याच्या एखाद्या योजनेत बसता का ते महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर बघा. आणि ओरिजिनल कागद एजंटकडे तर नाहीच, कॉलेजकडेसुद्धा तपासून झाल्यावर ठेवू नका, ते ठेवून घ्यायला यूजीसीची परवानगी नाही.

दहावी झाली, ७८ टक्के. डिप्लोमा की अकरावी सायन्स? – एक विद्यार्थी, चिपळूण

हाताने काम करायला आवडत असेल आणि इंजिनिअरिंगच करायचं पक्कं असेल तर डिप्लोमा, तो तीन वर्षांचा आणि त्यानंतर सीईटी न देता डिप्लोमाच्या मार्कांवर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अजून काहीच ठरलं नसेल तर अकरावी, कारण तिथून मेडिकल, फार्मसी, ॲग्री, शुद्ध सायन्स सगळे रस्ते उघडे राहतात. डिप्लोमा घेतलास तर आधी सरकारी पॉलिटेक्निक बघ, खर्चात खूप फरक पडतो.

तुम्ही नेहमी म्हणता त्या क्षेत्रातल्या लोकांशी बोला. आमच्या गावात आर्किटेक्ट सोडा, इंजिनिअरसुद्धा नाही. मी कोणाशी बोलू? – एक विद्यार्थी, गडचिरोली जिल्हा

तुझा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. शहरातल्या मुलाला हे आयतं मिळतं, काका-मामा-शेजारी कोणीतरी असतंच, तुला ते मुद्दाम उभं करावं लागेल. तुझ्या शाळेतून आधी पास झालेली मुलं कुठे गेली ते सरांना विचार, नागपूरला शिकणारा एक जरी सापडला तरी त्याच्यामार्फत त्याच्या सरांपर्यंत आणि पुढे काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचता येतं. गावात रस्त्याचं, शाळेच्या इमारतीचं काम चालू असेल तर तिथे येणारे साईट इंजिनिअर असतात, त्यांना विचार की या कामाचं ड्रॉइंग कोणी केलं. लिंक्डइनवर मराठीत चार ओळी लिहिल्यास तरी चालतं, मी कोण, कुठला, मला आर्किटेक्चरबद्दल पंधरा मिनिटं बोलायचंय, एवढंच. दहा जणांना लिही, दोघं-तिघं तरी उत्तर देतील.

बोलताना "स्कोप आहे का" असं विचारू नकोस, त्याला सगळे "आहे" म्हणतात. काल दिवसभर काय काम केलं ते विचार. पहिली पाच वर्षं पगार किती होता, या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय, कोणत्या कॉलेजची मुलं तुमच्याकडे कामाला आली आणि त्यांना काय येत नव्हतं, हे विचार. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात तुला कॉलेज निवडायला लागणारं निम्मं साहित्य मिळेल. निवडलेलं कॉलेज "कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर"च्या यादीत आहे ना हे तेवढं स्वतः तपास, कारण त्याशिवाय पुढे आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही. फोन झाला की दोन ओळींचा थँक्यू पाठव आणि ॲडमिशन झाली की त्यांना कळव, ट्रेनिंगसाठी ऑफिस शोधायची वेळ येईल तेव्हा पहिला फोन त्यांनाच करायचाय.